एक पूर्णांक शून्य

गेले तीन वीकेंड मी एकाच प्रश्नावर घालवलेत. प्रश्न ऐकलात तर हसाल. आमच्या गेमच्या पुढच्या रिलीजला ०.११ म्हणायचं की १.० म्हणायचं? बस, एवढंच. आईने दोनदा विचारून झालं, "ऑफिसचं काम आहे का रे?" नाही म्हटल्यावर, "मग असा परीक्षेला बसल्यासारखा काय बसलायस?" आता तिला काय सांगणार, की आकडा ठरत नाहीये!

तर आधी गेमबद्दल. नवकंकरी. तुमच्यापैकी किती जणांनी खेळली असेल कोण जाणे. एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, झाले चोवीस बिंदू. दोघांकडे नऊ-नऊ खडे. आधी आळीपाळीने सगळे खडे मांडायचे, मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायचे. आपले तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. कुणाकडे दोनच उरले, किंवा हलायलाच जागा उरली नाही, की तो हरला. आपल्याकडे लेण्यांच्या ओट्यांवर, घाटवाटांच्या कातळात असे पट कोरलेले दिसतात. पट दगडात कोरलेला असला तरी नियम मात्र कुणी कोरून ठेवलेले नाहीत. हा मुद्दा पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

मी आणि माझा रूममेट (त्याला इथे पार्टनर म्हणू, हॉस्टेलवर तेच म्हणायचो) आम्ही २०१८ च्या दिवाळीनंतर, लास्ट इयरला असताना हा गेम लिहायला घेतला. खरं कारण सांगायचं तर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचा कंटाळा आला होता. गोडॉट इंजिनचं ३.० त्याच वर्षी आलं होतं, ते शिकायचं होतं. लायसन्स जीपीएल, सोर्स सगळा उघडा, डाउनलोड करणारे पहिल्या वर्षी बहुधा आम्हीच दोघं आणि आमच्या विंगमधली चार पोरं.

व्हर्शनचा विचार तेव्हा कोण करतो! ०.१ झालं, ०.२ झालं. मग '०.२ फायनल' झालं. मग '०.२ फायनल, खरंच' झालं. हसू नका, तुमच्या डेस्कटॉपवर 'रेझ्युमे फायनल २' नावाची फाइल आहे हे मला माहीत आहे. पुढे नोकऱ्या लागल्या, पार्टनर एमएस करायला जर्मनीला गेला आणि तिकडेच राहिला. पण गेम चालू राहिला. दर रविवारी त्याच्या ब्रेकफास्टला आणि माझ्या जेवणाच्या वेळी कॉल. लग्न झालेल्या मित्रांशी एवढं नियमित बोलणं होत नाही, जेवढं या चोवीस बिंदूंमुळे आमचं झालं.

पहिला दणका २०१९ मध्ये ०.५ ला बसला. पार्टनरच्या घरी एक नियम आहे. एखाद्याकडे तीनच खडे उरले की त्याला रेघ पाळायची गरज नाही, तो पटावर कुठेही उडी मारू शकतो. आमच्या आजोळी, कराडला, उडी नाही. पार्टनरने ०.५ मध्ये उडी चालू केली. कोडमध्ये एका ओळीचा बदल. बदलांच्या यादीत आम्ही लिहिलं होतं, 'किरकोळ सुधारणा'.

कराडच्या टॅबवर मीच गेम टाकून दिला होता. आजी आणि माझा मामेभाऊ, तेव्हा नऊ वर्षांचा, रोज दुपारी खेळायचे. आजी जिंकत आली होती. भावाकडे तीन खडे उरले आणि त्याने चुकून कुठेतरी लांब बोट लावलं. खडा उडाला! तीन एका रेघेत झाले आणि आजीचा खडा गेला.

"हा कुठला नियम? कुणी सांगितला?"

"गेमनं सांगितला आजी."

"मग तुझ्या गेमला सांग, आपल्या घरात उडी नाही."

पुढचे पंधरा दिवस टॅब बंद. आजीने शहाबादी फरशीवर खडूने पट काढला आणि चिंचोके घेऊन खेळ पूर्ववत सुरू केला. मामी रोज फरशी पुसायची, आजी रोज पट काढायची. मामीने शेवटी मला फोन केला, की बाबा रे, तुझं ते काय आहे ते दुरुस्त कर.

आता बघा. व्हर्शनला आकडे देण्याचा एक प्रसिद्ध नियम आहे, सेमँटिक व्हर्शनिंग. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर याने तो लिहून काढला. तीन आकडे. जुनं मोडणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवा, नवीन भर घातली पण जुनं मोडलं नाही तर दुसरा, नुसती चूक दुरुस्त केली तर तिसरा. ऑफिसात लायब्ररी लिहिताना हे झकास चालतं, कारण 'जुनं' म्हणजे काय ते स्पष्ट असतं. फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याचा कोड मोडला. पण गेममध्ये? गेमवर दुसऱ्याचा कोड उभा नसतो. त्यावर उभी असते आजी. त्याच ०.५ मध्ये पार्टनरने पट काढायचा सगळा कोड फेकून नव्याने लिहिला होता, दोन महिने खपून. तो कुणाला कळलासुद्धा नाही. आणि एका ओळीने कराडचं घर हललं. कोणता बदल मोठा होता?

०.६ मध्ये आम्ही उडी हा पर्याय केला, आपोआप बंद असलेला. पार्टनर थोडा नाराज झाला. पण त्याने मानलं, कारण त्याची आजी टॅब वापरत नव्हती.

मग मी जरा इतरांकडे बघायला लागलो. एवढे मोठमोठे ओपन सोर्स गेम आहेत, ते आकडे कसे ठरवतात? आणि गंमत म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी!

बॅटल फॉर वेसनॉथ घ्या. डेव्हिड व्हाइट याने २००३ मध्ये सुरू केलेला, षटकोनी घरांच्या पटावर चालणारा युद्धाचा खेळ. २ ऑक्टोबर २००५ ला त्याचं १.० आलं आणि पुढे त्यांनी सम-विषम लावलं. मधला आकडा सम असेल तर स्थिर, विषम असेल तर प्रयोगशाळा. १.१ मध्ये मोडतोड करा, ती निवळली की १.२ म्हणून बाहेर काढा. लिनक्स कर्नलमध्येही पूर्वी हीच पद्धत होती. वेसनॉथची ही शिस्त मला फार आवडते, कारण त्यामागे कारण आहे. तिथे दोघं ऑनलाइन खेळतात तेव्हा दोघांच्या मशीनवर तोच खेळ वेगवेगळा चालतो आणि एकमेकांना फक्त चाली पाठवल्या जातात. दोघांकडचं गणित तंतोतंत जुळायला हवं. एका भालेकऱ्याची ताकद एकाने जरी बदलली तर माझ्याकडे तो मेलेला आणि तुमच्याकडे जिवंत! म्हणून असले बदल विषममध्ये करायचे, आणि सम मालिकेतले लोक एकमेकांशी खेळू शकले पाहिजेत हे सांभाळायचं. याची किंमतही आहे. १.१२ नोव्हेंबर २०१४ मध्ये आलं आणि १.१४ मे २०१८ मध्ये. साडेतीन वर्षं प्रयोगशाळा चालू!

ओपन टीटीडी, म्हणजे ख्रिस सॉयरच्या ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्सवरून लुडविग स्ट्रिगियसने केलेला रेल्वे-बसचा गेम. २००४ मध्ये ०.१. सहा वर्षं शून्यातच. १.० आलं १ एप्रिल २०१० ला. एप्रिल फूल नव्हतं ते. मूळ गेमची चित्रं आणि आवाज विकतच्या सीडीतून घ्यावे लागायचे, तोवर लोकांनी सगळं नव्याने काढून, वाजवून फुकट वापरायला दिलं होतं. म्हणजे आता हा गेम स्वतःच्या पायावर उभा होता. १.० चा याहून चांगला अर्थ मी कुठे पाहिला नाही. त्यानंतर बहुतेक वर्षी १ एप्रिलला नवा रिलीज, थेट २०२१ च्या १.११ पर्यंत. आणि मग त्यांनी तो पुढचा '१.' चक्क टाकूनच दिला. त्याच ऑक्टोबरमध्ये आलं ते १२.०! अकरा वर्षं तो एक तिथे नुसता बसून होता, काही सांगत नव्हता.

नेटहॅकची तर वेगळीच कथा. ३.४.३ डिसेंबर २००३ मध्ये आलं आणि त्यानंतरचं अधिकृत ३.६.० आलं डिसेंबर २०१५ मध्ये. बारा वर्षं! ३.५ कुठे गेलं? अर्धवट कोड २०१४ मध्ये बाहेर फुटला होता, तो लोकांच्या हातात ३.५ म्हणून फिरत होता, म्हणून अधिकृत लोकांनी तो आकडाच सोडून दिला. आणि झिरो ए.डी. नावाचा प्राचीन काळातल्या राज्यांचा गेम आहे, ज्यात आपले मौर्यही आहेत. त्यांनी २०१० पासून अल्फा १, अल्फा २ असं सुरू केलं, प्रत्येकाला इंग्रजी अक्षरक्रमाने नाव. सव्वीस अक्षरं २०२२ मध्ये संपली. सत्ताविसावा अल्फा जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा परत पहिल्या अक्षरापासून सुरुवात, आणि नाव काय, तर अग्नी! हे वाचून मला उगाचच आपल्या घरचं कुणी पास झाल्यासारखं वाटलं. पण पंधरा वर्षांत सत्तावीस अल्फा... या लोकांना १.० म्हणायची भीती वाटत होती का, असं मनात आलं. आणि मग आपण कोण विचारणारे, असंही. आम्ही सात वर्षांत ०.१० वर होतो.

०.१० वर आलोच आहे तर सांगतो. ०.९ नंतर आम्ही सरळ ०.१० काढलं, २०२५ च्या फेब्रुवारीत. प्रोग्रामरच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. मधला टिंब दशांश चिन्ह नाही, नवानंतर दहा येतात. पण कराडला माझा भाऊ आता दहावीत, गणितात हुशार. त्याच्या दृष्टीने ०.१० म्हणजे ०.१, म्हणजे २०१८ चं काहीतरी जुनाट. "दादा, तू चुकून जुनं व्हर्शन टाकलंयस," असा त्याने मेसेज केला होता. मी वाचला, हसलो, विसरलो. त्याने ते घेतलंच नाही. कित्येक महिने टॅबवर ०.९ च राहिलं.

त्याचं हे न घेणं किती बरं झालं ते मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. शेवटी त्याने ०.१० टाकलं होतं, मित्राच्या फोनशी वायफायवर खेळायला. (दोघांकडे एकच व्हर्शन लागतं. ओपन टीटीडीतही तसंच आहे.) आवाज विचित्र.

"दादा, आजीचे खडे हललेत."

मला आधी कळेचना. आजी २०२४ च्या पावसाळ्यात गेली. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी दोघं खेळत होते. डाव अर्धाच राहिला. याने तो सेव्ह करून ठेवला होता आणि नंतर कधीच पुढे खेळला नव्हता. कधी कधी नुसता उघडून बघायचा, हे तोवर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आता ०.१० मध्ये उघडला, तर डाव उघडला, पण खडे भलतीकडेच. आजीचे तीन खडे जिथे नव्हते तिथे एका रेघेत.

मी ओरडलोच. "कुठे बोट लावू नकोस! चाल खेळू नकोस! गेम बंद कर आणि टॅब तसाच ठेव!" कारण आमचा गेम फाइल परत लिहितो ती चाल खेळल्यावर. एक चाल खेळला असता तर मूळ फाइलीवर नवी लिहिली गेली असती आणि सगळं संपलं असतं. त्याने काही खेळलं नव्हतं. बघूनच घाबरला होता.

काय झालं असेल हे मला फोन ठेवायच्या आत कळलं होतं. ०.१० मध्ये आम्ही बिंदूंचे क्रमांक बदलले होते. आधी शून्य ते तेवीस हे पुस्तक वाचल्यासारखे, डावीकडून उजवीकडे, ओळीने खाली. पार्टनरने ते चौकोनाप्रमाणे केले. बाहेरच्या चौकोनाचे शून्य ते सात, मधल्याचे आठ ते पंधरा, आतल्याचे पुढचे. त्याने तीन-एका-रेघेत तपासणं सोपं होतं आणि कॉम्प्युटरचा विचारही वेगाने होतो. बदल चांगलाच होता, मीच रिव्ह्यू करून पास केला होता. फक्त सेव्ह फाइलमध्ये ती कोणत्या पद्धतीची आहे हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. सात वर्षांत आम्हा दोन इंजिनियरांना त्या फाइलीत एक आकडा टाकायचं सुचलं नाही. फाइल उघडलीच नसती तरी परवडलं असतं, 'वाचता येत नाही' म्हणाली असती. पण ती काहीच तक्रार न करता उघडली आणि धडधडीत खोटं दाखवत राहिली.

ओपन टीटीडीवाल्यांनी हे कधीच सोडवून ठेवलंय, हे मला तेव्हा, म्हणजे नको तेव्हा आठवलं. त्यांच्या सेव्ह फाइलचा स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. रिलीजच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. फाइलची रचना बदलली की तो क्रमांक एकाने वाढतो, आणि लोड करणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक जुन्या क्रमांकासाठी काय करायचं ते लिहिलेलं असतं. म्हणून तिथे वीस वर्षांपूर्वीचं सेव्ह केलेलं शहर आजही उघडतं. आणि आम्ही एकाच आकड्यावर सगळं टांगलं होतं. नियम, फाइल, नेटवर्क, आणि आमची हौस.

भावाने फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. आता प्रश्न, जुनी फाइल ओळखायची कशी? खूण तर नाही. ही एक फाइल मी हाताने दुरुस्त केली असती, पण अशा फाइली आणखी कुणाकुणाकडे असतील. संध्याकाळपर्यंत डोकं चाललं नाही. मग सुचलं. फाइलमध्ये खड्यांच्या जागांबरोबर सुरुवातीपासूनच्या सगळ्या चालीही असतात. त्या चाली दोन्ही पद्धतींनी खेळून बघायच्या. ज्या पद्धतीत सगळ्या चाली नियमात बसतील ती खरी. उदाहरणार्थ शून्यावरून नऊवर जाणं जुन्या क्रमांकांत शेजारी आहे, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली. नव्या पद्धतीत शून्याच्या शेजारी सात आहे, नऊ आहे मधल्या चौकोनात, तिथे जाताच येत नाही. मांडणीच्या पहिल्या अठरा चाली बहुतेक वेळा दोन्हीकडे खपून जातात, कारण कुठेही मांडता येतं. खरी परीक्षा एकोणिसाव्या चालीपासून.

या डावात सत्तावीस चाली होत्या. नव्या पद्धतीने एकोणिसाव्यालाच अडला. जुन्या पद्धतीने सत्ताविसाच्या सत्तावीस बिनबोभाट. (उडीचा नियम चालू असलेल्या, फक्त तीन-तीन खड्यांच्या डावात हे कमी भरवशाचं आहे, पण अशा डावातही सुरुवातीच्या सरकवण्याच्या चाली असतातच.)

रविवारी पार्टनरला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "क्रमांक मी बदलले." मी म्हटलं, "पास मी केले." विषय तिथेच संपला. खरं तर संपला नाही, कारण मग मी १.० काढलं.

माझं म्हणणं होतं की पुढचं १.० करूया. तो उसळला. सेमँटिक व्हर्शनिंगमध्ये शून्याने सुरू होणाऱ्या आकड्याचा अर्थ, 'अजून काहीही कधीही बदलू शकतं.' पार्टनरला ती मोकळीक हवी असते. त्याची १.० ची अट पहिल्यापासून एकच आहे. आमचा कॉम्प्युटर खेळाडू अजिंक्य झाला पाहिजे. नवकंकरीचं गणित सुटलेलं आहे. झुरिकच्या ईटीएचमध्ये राल्फ गॅसरने १९९३ मध्ये दाखवलं, की दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. पार्टनरला तसा खेळाडू लिहायचाय. त्याच्या मते त्याशिवाय १.० म्हणणं म्हणजे लोकांना फसवणं.

"आणि तो कधी होणार?"

"होईल ना."

"सात वर्षं होतोय."

"मग आठ."

मी चिडलो. म्हटलं, शून्य लावून ठेवलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं आपण समजतो. तुझा मशीन जिंकतो की हरतो याचं कराडला कुणाला काही पडलेलं नाही. लोक खेळताहेत, डाव साठवून ठेवताहेत, त्या अर्थी आपण शब्द दिलेलाच आहे, फक्त आकड्यात कबूल करत नाही. तो म्हणाला, इमोशनल होऊ नकोस. मी म्हटलं, होणार. कॉल नेहमीपेक्षा अर्धा तास आधी संपला. पुढच्या रविवारी झालाच नाही.

त्या मधल्या आठवड्यात मी रात्री बसून योजना लिहिली. दोन पानं, साधी. रिलीजचा आकडा हा फक्त माणसांसाठी. फाइलचा क्रमांक वेगळा, १ म्हणजे ओळीने, २ म्हणजे चौकोनाने, आणि कुठलंही पुढचं व्हर्शन कुठलीही जुनी फाइल उघडेल, न उघडली तर तो रिलीज थांबेल. वायफायवर खेळताना दोन फोन एकमेकांना सांगतील तो नेटवर्कचा क्रमांक तिसरा. आणि नियमांना तर आकडाच नाही. नियमांना नाव. प्रत्येक डावाच्या फाइलीत तो डाव कोणत्या नियमांनी सुरू झाला ते लिहिलेलं राहील, आणि मध्येच कितीही अपडेट आले तरी तो डाव त्याच नियमांनी संपेल. कारण नियम 'सुधारत' नाहीत, ते घरोघरी वेगळे असतात. हे सगळ्यात शेवटी कळलं, पण आजी २०१९ मध्येच सांगून मोकळी झाली होती.

तारखांचं काय? आमचे रिलीज आजवर 'झालं की काढू' या तत्त्वावर निघाले. त्याचा त्रास एकदा दुसऱ्याच माणसाने भोगला. एका भल्या माणसाने, आम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही, गेमचं कन्नड भाषांतर करून दिलं होतं. ०.८ च्या आदल्या रात्री मला मेनूतली वाक्यं जरा गोड करायची हुक्की आली. चाळीसेक वाक्यं बदलली. सकाळी रिलीज काढला, आणि कन्नडमध्ये अर्धा मेनू इंग्रजी. त्याने इतकं सभ्य पत्र लिहिलं, की चिडला असता तर बरं वाटलं असतं. वेसनॉथमध्ये स्थिर रिलीजच्या आधी वाक्यं गोठवतात, म्हणजे त्यानंतर एकही शब्द बदलायचा नाही, भाषांतरवाल्यांना वेळ मिळावा म्हणून. आम्हीही आता तीन आठवडे आधी गोठवणार. आणि रिलीज वर्षातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, पाडवा आणि दसरा. जे झालं असेल ते जाईल, जे राहिलं ते पुढच्याला. उबुंटूवाले असंच एप्रिल-ऑक्टोबर पाळतात. त्यांनीही एकदा, २००६ मध्ये, सहा आठवडे उशीर केला आणि ६.०४ चं ६.०६ झालं, कारण त्यांचा आकडाच वर्ष आणि महिना असतो. आमचा सण तिथीने येत असल्याने ती सोय नाही. पार्टनरला जर्मनीत दसऱ्याची सुट्टी नसते ही अडचण आहे, पण ती मी योजनेत लिहिली नाही.

योजना त्याला मेल केली. उत्तर आलं नाही.

दरम्यान कराडला गेलो होतो. भावाला लॅपटॉपवर तो डाव दाखवला, नव्या कोडने उघडलेला. खडे जागेवर. त्याने नीट निरखून पाहिलं, एकेक बिंदू, बोट न लावता. सुरुवात लहानाने करायची हा आजीचा नियम, म्हणजे पहिली चाल त्याची, सत्ताविसावीही त्याची. पुढची चाल आजीची होती. मी उगाच विचारलं, "कॉम्प्युटरला खेळायला लावायचं का तिच्याकडून?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी लॅपटॉप मिटला.

निघताना त्याला विचारलं, ती फाइल मी आमच्या कोडमध्ये ठेवू का? टेस्ट म्हणून. म्हणजे आम्ही काहीही बदललं की दर वेळी मशीन आपोआप ती फाइल उघडून बघेल, सत्तावीस चाली खेळेल, खडे जिथल्या तिथे आहेत ना ते तपासेल. नसतील तर तो बदल आत घेतला जाणार नाही. सोर्स उघडा असल्यामुळे ती जगात कुणालाही दिसेल, हेही सांगितलं. त्याने विचारलं, "नाव दिसेल का?" म्हटलं, नाही, नुसते आकडे. "मग ठेव."

काल रात्री तो बदल पाठवला. फाइल ओळखणारा कोड, तीन वेगळे क्रमांक, नियमांची नावं, आणि टेस्टच्या फोल्डरमध्ये ती फाइल. व्हर्शनच्या जागी मी १.० लिहिलं, खाली तारीख, येता पाडवा. म्हटलं बघू काय म्हणतो.

आज सकाळी उठलो तर पार्टनरचा रिव्ह्यू आलेला. १.० बद्दल अवाक्षर नाही, योजनेबद्दल नाही, गेल्या रविवारबद्दल नाही. सगळ्याखाली मंजूर केल्याची हिरवी खूण, आणि एकच शेरा, टेस्टच्या फाइलीखाली. 'शेवटी एक रिकामी ओळ जास्त आहे, ती काढ.'

काढली. साडेबाराला कॉल आहे.